सोडून दिलेला मासा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, अष्टम स्कंध, अध्याय चोविसावा. मत्स्यावतार.

गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. द्रविड देशाचा राजा सत्यव्रत कृतमाला नदीच्या पाण्याने तर्पण करत असतो. ओंजळीत पाणी घेतो तर त्यात एक छोटीशी मासोळी येते. राजा भला माणूस. आपण कोणीही जे केलं असतं तेच तो करतो. पाण्यासकट तिला परत नदीत सोडून देतो.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मासोळी बोलते, आणि ती आभार मानत नाही. ती तक्रार करते. राजा, तुला दीनांची माया आहे म्हणतात. ह्या पाण्यात मोठे मासे मला गिळायला टपलेत, मी भ्यालेय, आणि तू मला पुन्हा तिथेच टाकतोस?

मग राजा तिला कमंडलूत घालून आश्रमात नेतो, ती एका रात्रीत कमंडलूत मावेनाशी होते, आणि पुढची कथा सुरू होते. दर वेळी वाचताना माझं लक्ष त्या वाढत जाणाऱ्या माशाकडे असतं. ह्या वेळी मात्र मी अलीकडेच थांबलो. राजाने तिला सोडलं त्या क्षणापाशी. कारण मला दुसरा एक मासा आठवला. तो मी 'सोड' म्हणालो होतो, आणि तो सोडला गेला नाही.

एंगादीनमधला ओढा

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी झुरिकला पाठवलं होतं. टीममधला एक स्विस सहकारी पन्नाशीचा, अबोल माणूस होता. दर शुक्रवारी दुपारी चारला तो लॅपटॉप मिटायचा, कोणाची प्रोडक्शन सिस्टीम पडलेली असो वा नसो. कुठे जातोस विचारलं तर म्हणायचा, "नदीवर." ऑगस्टच्या शेवटी एकदा त्याने मलाही बोलावलं.

माझी पंचाईत झाली. आमचं घर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासा-मटण वर्ज्य. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तुला कोण खा म्हणतंय? डोंगर बघून ये." मलाही ते पटलं. आपण काय, नुसतं बघायचं.

झुरिकहून कूर, तिथून आल्बुलाच्या घाटातली लाल रेल्वे, आणि मग एंगादीनचं खोरं. साधारण १७०० मीटर उंची. लार्चची झाडं, वर बर्फाची शिखरं. खोऱ्यातून वाहते इन नदी. ती पुढे डॅन्यूबला मिळते, आणि त्या वाटेने हे पाणी थेट काळ्या समुद्रात जातं. आम्ही गेलो ते तिला मिळणाऱ्या एका ओढ्यावर. पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नव्हती, आणि इतकं गार की मिनिटभर हात बुडवला तरी बोटं बधिर.

मला वाटलं होतं हा माणूस गळ टाकून खुर्चीत बसेल. तो आधी गुडघ्यावर बसला आणि पाण्यातला एक दगड उलटा केला. खाली बारीक जीव चिकटलेले होते. मेफ्लायच्या अळ्या, आणि वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधणाऱ्या कॅडिसच्या अळ्या. ओढ्यात आज मासा काय खातोय ते बघून त्याने डबीतून तशीच दिसणारी माशी काढली. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, करंगळीच्या नखापेक्षा लहान, पोटात गळ. हीच 'फ्लाय'. माशीने मासा पकडायचा, म्हणून फ्लाय फिशिंग.

त्यातली गंमत इंजिनिअर म्हणून मला फार आवडली. साध्या गळाला वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे माशीला वजनच नाही, फेकली तर हातभरसुद्धा जाणार नाही. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. काठीने ती जाड दोरी हवेत मागे नेऊन पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची. टोकाची माशी तिच्याबरोबर जाते आणि पाण्यावर अलगद उतरते. मागे उलगडायला अर्धा क्षण कमी दिला की सगळा गुंता. मी करून पाहिलं. तीन वेळा झुडपात आणि एकदा स्वतःच्या टोपीत.

ट्राउट दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. आडोशाला पाणी शांत, म्हणून ताकद कमी लागते. शेजारून वेगाचं पाणी जातं, त्यातून खाणं वाहत येतं. आपली माशी त्या पाण्यातून इतर किड्यांसारखीच वाहत आली पाहिजे. दोरीने तिला जराशी जरी ओढ लागली तरी ट्राउट तोंड फिरवतो.

तासभर तो माणूस मांडीभर पाण्यात उभा होता. फोन नाही, बोलणं नाही. माझ्या जपाला लाज वाटावी अशी ती एकाग्रता. मनात आलं, ध्यान ध्यान म्हणतात ते हेच असेल. आणि लगेच आपल्याकडचा शब्द आठवला : बकध्यान. एका पायावर उभा असलेला बगळासुद्धा एकाग्रच असतो. मन स्थिर झालं म्हणजे ते शुद्ध झालं असं नाही. कशावर स्थिर झालंय ते बघावं लागतं.

"सोड ना त्याला"

पहिला मासा लागला तो छोटा होता, ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी. त्याने आधी हात पाण्यात भिजवले, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला आणि मासा निसटला. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगांपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने धरलं की तो निघतो, म्हणून ओला हात. गळालाही उलटा काटा नव्हता, त्यामुळे तो चटकन निघाला. मला फार बरं वाटलं. वाटलं, हा माणूस तर आपल्यातलाच.

मग दुसरा लागला. चांगला हातभर. मी हातजाळी धरून शेजारी उभा होतो, मासा त्यातच आला. पिवळसर सोनेरी अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, आणि कल्ले भराभर उघडत-मिटत होते. मी म्हणालो, "सोड ना त्याला."

तो म्हणाला, "सोडायचा असता तर गळ टाकलाच नसता."

त्याच्या खिशात एक छोटा सोटा होता. इंग्रज मासेमार त्याला 'प्रीस्ट' म्हणतात, म्हणजे पुरोहित, शेवटचे संस्कार करणारा. डोक्यावर एक नेमका फटका, मग चाकूने कल्ले कापून रक्त काढलं. पाच-सात सेकंद लागले असतील. मी मान फिरवली. जाळी अजून माझ्या हातात होती.

परतताना गाडीत मी जरा रागानेच विचारलं, की त्या मोठ्या माशाला सोडायला काय झालं होतं? तेव्हा त्याने मला तिथला नियम सांगितला. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली लागू झालेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमावलीनुसार, परत सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडायला बंदी आहे. मासा खाण्यासाठी पकडता येतो. लहान निघाला, किंवा त्या जातीला सोडणं गरजेचं असलं, तर सोडता येतो, लहान तर सोडावाच लागतो. पण 'मजा म्हणून पकडतो आणि सोडून देतो' हे ठरवून गळ टाकणं हा गुन्हा. ठेवलेला मासा लगेच, कमीत कमी त्रास देऊन मारायचा. दीर्घ मुदतीचा परवाना हवा तर ह्या सगळ्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. स्विस राज्यघटनेत जीवसृष्टीच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे, त्याच विचारातून हे आलंय.

मी चक्रावलो. आपल्या मनाला सरळ वाटतं, मारणं क्रूर आणि सोडणं दयाळू. हा कायदा म्हणतो, खेळ म्हणून सोडणं हेच क्रूर.

मग तो म्हणाला, "तुला मासा सुटायला हवा होता, की तुला स्वतःला सुटायचं होतं?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारण खरं उत्तर मला माहीत होतं. मासा सुटला असता तर मी संध्याकाळी आईला हसत फोन केला असता.

त्याच आल्प्समध्ये, दुसरं उत्तर

गोष्ट एवढीच असती तर मी स्विस नियमाचं कौतुक करून थांबलो असतो. पण त्याच पर्वतरांगेत पूर्वेला, स्लोव्हेनियात, सोचा नावाची नदी आहे. (हो, नाव असंच आहे, आणि विचार करायला लावणारीच आहे.) हिरवट निळं पाणी, आणि त्यात मार्बल ट्राउट हा मासा. अंगावर संगमरवरासारखी नक्षी, मीटरभराच्याही पुढे वाढणारा. विसाव्या शतकात ह्या नद्यांमध्ये बाहेरून तपकिरी ट्राउट आणून सोडले गेले. दोघांचा संकर झाला आणि शुद्ध मार्बल ट्राउट वरच्या मोजक्या ओढ्यांपुरता उरला. तो वाचवायचे प्रयत्न गेली काही दशकं चालू आहेत. तिथे 'पकडा आणि सोडा' अशा अटीचे खास परवानेच मिळतात.

त्यांचा युक्तिवादही खोटा नाही. डोंगरातल्या थंड पाण्यात अन्न कमी, मासा सावकाश वाढतो. मोठा मासा म्हणजे पुढच्या पिढीची आई. प्रत्येकाने घरी नेला तर ओढा रिकामा होईल. शिवाय जो तासन्‌तास नदीत उभा राहतो, तोच नदीवर धरण येताना किंवा घाण पाणी सोडताना आधी ओरडतो.

मग प्रश्न येतो माशाचा. त्याला दुखतं का? २००३ साली ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटवर अभ्यास केला. ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. ओठांत ॲसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते, आणि खाण्याकडे वळायला त्यांनी खूप वेळ घेतला. काही शास्त्रज्ञ अजूनही म्हणतात की माशाच्या मेंदूत आपल्यासारखा बाह्यस्तर नाही, म्हणून ही 'वेदना' आपल्या अर्थाची नाही. तो वाद चालू आहे. पण मला एवढं पुरे आहे. दुखत असण्याची शक्यता आहे, आणि मी फक्त माझ्या करमणुकीसाठी ते करतोय, तर संशयाचा फायदा माशाला मिळायला हवा.

हिंसेचा हिशोब

पतंजलींच्या योगसूत्रात, साधनपादात, हिंसेचं फार बारीक वर्गीकरण आहे. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्यता दिलेली. ती लोभातून येते, क्रोधातून येते किंवा मोहातून येते. कमी असते, मध्यम असते, तीव्र असते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे एखाद्या डेटाबेसच्या टेबलासारखं वाटलं होतं. ओढ्यावरून आल्यावर त्याच टेबलात मी स्वतःला शोधलं. मी मारलं नाही. पण जाळी माझ्या हातात होती. 'नुसतं बघायला' गेलेला माणूस तिसऱ्या रकान्यात सापडतो, आणि जाळी धरलेला बहुधा दुसऱ्याच.

आता तो सहकारी. मी त्याच्या मारण्याचं समर्थन करत नाहीये, माळ अजून गळ्यात आहे. पण महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध आठवा. मांस विकणारा, आणि तपस्वी कौशिकाला धर्म शिकवणारा. तो म्हणतो की नांगरटीतसुद्धा असंख्य जीव मरतात, पूर्ण अहिंसक कोणीच नाही. हिंसा चांगली, असं तो सांगत नाही. आपण त्यातून मुक्त आहोत असा जो तोरा असतो, तो उतरवतो. माझा सहकारी आपल्या हातून काय घडतंय ते बघत होता. मी मान फिरवली होती. आमच्या दोघांत कमी हिंसक मी असेन, पण जास्त प्रामाणिक तो होता.

आणि सोचावरचा माणूस? त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याने स्वतःला विचारावा असा प्रश्न फक्त एक. सोडल्यामुळे माझं पकडणं पुसलं जातं, असं मी मानतो का? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'अनडू'ची फार सवय. चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणा. पण माशाच्या बाजूने बघितलं तर अनडू झालेलं नसतं. तो भ्याला, जिवाच्या आकांताने ओढला गेला, श्वासाला तडफडला. पाण्यात परत गेला तो थकलेला. सोडणं ही नवीन कृती आहे, जुनी कृती त्याने रद्द होत नाही. कर्माला रोलबॅक नाही.

आमच्याकडचं 'रिलीज'

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख सोपा होता. लांबच्या देशातला मासा, लांबच्या देशातला कायदा. पण आज सकाळी मासोळीचा प्रश्न वाचल्यावर मला मासा नंतर आठवला. आधी एक मुलगा आठवला.

आयटीत काम करणाऱ्यांना 'रिलीज' शब्दाचा दुसरा अर्थ माहीत असेल. माणसाला प्रोजेक्टमधून रिलीज करतात. म्हणजे तो बेंचवर जातो आणि नवीन काम शोधत बसतो. झुरिकहून परतल्यावर माझ्या टीमला घाईने माणसं हवी होती. दुसऱ्या टीममध्ये नीट रुळलेल्या एका मुलाला मीच गोड बोलून ओढून आणलं. "इथे खूप शिकायला मिळेल रे." गळाला माशी मी उत्तम बांधली होती. आठ महिन्यांनी बजेट कमी झालं. एक नाव द्यायचं होतं, मी त्याचं दिलं. त्याला म्हणालो, "तुला मोकळं करतोय, आता आणखी चांगलं प्रोजेक्ट मिळेल." काढून तर टाकलं नाही ना, रिलीजच केलं. घरी जाताना मला हलकं वाटलं होतं. खरंच हलकं.

तीन महिने तो बेंचवर होता. दोनदा त्याचा मेसेज आला. मी "होईल रे काहीतरी" असं उत्तर दिलं. मग त्याला राजीनामा द्यायला सांगितलं गेलं.

लक्षात घ्या, ही गोष्ट एंगादीननंतरची आहे. 'मासा सुटायला हवा होता की तुला सुटायचं होतं' हा प्रश्न मी तेव्हा ऐकलेला होता. मित्रांना तो किस्सा रंगवून सांगितलेलाही होता. कळणं आणि वळणं ह्यांत केवढं अंतर असतं ते तेव्हा समजलं.

मासोळीचा प्रश्न हाच आहे. तू मला सोडतोयस, पण कुठे सोडतोयस ते पाहिलंस का? आपले हात रिकामे झाले एवढ्याने दया पुरी होत नाही. हात रिकामे करणं ही बहुतेक वेळा आपली सोय असते.

आणि सत्यव्रताचं मोठेपण बघा. त्याने तर गळही टाकला नव्हता, मासोळी आपणहून ओंजळीत आली होती. त्याची चूक जवळजवळ शून्य. तरी प्रश्न ऐकल्यावर त्याने स्पष्टीकरण दिलं नाही. 'मी तर सोडलं होतं' असं म्हणाला नाही. तिला उचललं आणि कमंडलूत घेतलं. ती वाढली तशी जागा मोठी करत गेला, थेट समुद्रापर्यंत. त्या वेळी त्याला माहीत नव्हतं की ओंजळीत साक्षात श्रीहरी आहेत. त्याच्यासाठी ती फक्त एक भ्यालेली मासोळी होती. परीक्षा असेल तर ती तिथेच होती.

शेवटी प्रलय येतो, नाव येते, आणि वासुकी नागाचा दोर करून ती नाव मत्स्याच्या शिंगाला बांधतात. हे वाचताना आज मला ओढ्यावरची दोरी आठवली. तिथेही एका टोकाला माणूस आणि दुसऱ्या टोकाला मासा. तिथे माणूस ओढतो आणि मासा जिवासाठी झगडतो. इथे मासा ओढतो आणि माणूस तरतो.

आजची साधना

आज काहीही हाती घेण्याआधी, म्हणजे एखाद्याला शब्द देण्याआधी, कामाला ओढण्याआधी, नात्यात गुंतवण्याआधी, एवढं विचारू या : हे मी का धरतोय? सोडावं लागलं तर कुठे सोडणार? दयेची वेळ गळ टाकण्याआधीची असते. सोडताना उरते ती जबाबदारी.

मागच्या आठवड्यात मी त्या मुलाला फोन केला. त्याने उचलला. तो आता दुसरीकडे नोकरीला आहे. मी माफी मागितली, तो "ठीक आहे सर" म्हणाला, आणि मग दोघांनाही काय बोलावं सुचेना. त्याने माफ केलं की नाही, मला कळलं नाही. तो हक्क त्याचा आहे. पण ह्या वेळी मी मान फिरवली नाही, एवढंच.

उद्यापासून नवम स्कंध. हाच सत्यव्रत तिथे वैवस्वत मनू म्हणून पुन्हा भेटेल.

राम कृष्ण हरी.